मधल्या डब्यात बसायचं होतं

प्रिय बबन,

पत्राला उशीर झाला, राग धरू नकोस. तू जाऊन पाच महिने झाले. तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा कागद घडी घालून देवाच्या फळीवर ठेवून दिला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, गेलेल्या भावाला काय लिहायचं ते मला कुठून सुचणार? पण काल सुमनचा फोन आला. तुझी बायको कधी जास्त बोलत नाही. काल बोलली, आणि रात्रभर माझा डोळा लागला नाही.

म्हणाली, "दादा, तुम्ही येऊन गेलात म्हणून हे सगळ्या गावाला सांगायचे."

येऊन गेलो? मी कुठे आलो होतो रे?

तू तिकडे समुद्राच्या बाजूला रेल्वेचे रूळ टाकायच्या कामाला गेलास, तेव्हा पाथर्डीच्या स्टँडवर मी तुला एसटीत बसवलं होतं. "पोहोचल्याबरोबर कळव," असं दहा वेळा सांगितलं. आठवड्यानं तुझं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ : पोहोचलो, काळजी नको. ते कार्ड येईपर्यंत आईनं धड जेवण केलं नव्हतं. आपल्या घरची रीतच ती. गेलेल्यानं पोहोचल्याचं कळवायचं, आणि मागच्यांनी तोवर घास घशात अडकवून बसायचं.

काम संपलं तरी तू परत आला नाहीस. तिथंच लग्न केलंस, आणि गावाबाहेरच्या त्या इवल्याशा स्टेशनवर तिकिटं विकायला बसलास. मास्तर नाही, हमाल नाही, तू एकटाच. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, तू खिडकी बंद केलीस आणि तुझ्या जागी कुणी आलंच नाही. तरी रोज सकाळी फलाट झाडायला जायचास म्हणे. कुणासाठी रे?

दर दिवाळीला बोलवायचास. मी दरवेळी काहीतरी सांगायचो. पाणी भरायचंय, म्हैस व्यायला झालीय, गाडी चुकली तर काय करू! शेवटी तू म्हणालास, "दादा, एकदा माझं घर बघून जा." तुझा आवाज बारीक लागला, म्हणून निघालो. छातीत दुखतंय हे तेव्हाच का नाही सांगितलंस? मी घाबरट आहे, पण भाऊ होतो ना तुझा?

तू बजावलं होतंस, "मधल्या डब्यात बस. आमचा फलाट आखूड हाय, मागचे डबे भाइर ऱ्हात्यात." पनवेलला मी गाडीच्या आधी तीन तास जाऊन बसलो होतो. तरी गाडी आल्यावर गर्दी बघून बावरलो आणि अगदी शेवटच्या रिकाम्या डब्यात चढलो. मांडीवर पिशवी. तिच्यात तुझ्यासाठी बाजरीचं पीठ. भात खाऊन तोंडाची चव गेली म्हणायचास ना?

गाडी थांबली. खिडकीबाहेर तांबड्या दगडाची दरड आणि झाडोरा. घंटा नाही, चहावाला नाही, पाखरांचा तेवढा आवाज. समोरच्या गृहस्थांना विचारलं, "स्टेशन आलं का हो?"

"सिग्नल असेल. बसा हो निवांत."

बसलो! स्टेशन म्हणजे तिथं कुणीतरी माणूस असतो, एवढंच मला ठाऊक. गाडी हलली आणि मग फलाट आला. पिवळी पाटी, बंद खिडकी, एक बाकडं, आणि हातात छत्री घेऊन तू. किती वाळला होतास! तू मला पाहिलंस. छत्री उंच करून लंगडत चार पावलं पळालास, काहीतरी ओरडलास. मला ऐकू आलं नाही. काय म्हणालास रे?

पुढच्या स्टेशनवर उतरलो तर तुझा फोन. "दादा, जागचा हालू नको, रिक्षा घिऊन येतो."

मी चिडलेलो. "काय करायचंय येऊन? तुझ्या ठेसनावर कुत्रं न्हाई, फलाट न्हाई!"

"आरं फलाट हाय! तूच शेपटीला जाऊन बसला!" आणि तू हसलास.

त्या हसण्याचा मला राग आला. नुसता राग नाही, लाज वाटली. मोबाईल बंद करून पिशवीच्या तळाला घातला आणि समोर आलेल्या परतीच्या गाडीत बसलो. ती गाडी तुझ्याकडे थांबली नाही. बाकडं रिकामं दिसलं. मला वाटलं, गेला घरी.

काल सुमननं सांगितलं. तू घरी गेला नव्हतास. रिक्षा करून मला आणायला निघाला होतास. त्या स्टेशनवर दोन तास एकेका माणसाला विचारत बसलास, "उंच, पांढरा फेटा, घाबरल्यासारखा दिसतो, बघितला का?" आणि घरी येऊन म्हणालास, "दादा येऊन गेला. लई घाईत हुता."

दुसऱ्या दिवशी सूनबाईच्या मोबाईलवर तुझा फोन आला होता. "दादा पोहोचला का?" मी ओसरीवरच होतो, बबन. फोन घेतला नाही. सूनबाईला खुणेनं सांगितलं, पोहोचले म्हण. त्यानंतर बाराव्या दिवशी तू गेलास. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरांनी हलू दिलं नाही. थोरला असून तुझ्या मातीला आलो नाही. पोरगा आला.

ते पीठ इथंच कडू होऊन गेलं. म्हशीला घातलं.

आता ऐक. सोमवारी येतोय. पोरगा सोबत येतो म्हणाला, त्याला नको म्हटलं. मधल्या डब्यात बसेन, तुझ्या बाकड्यावर घटकाभर टेकेन, तुझं घर बघेन. पीठ आणत नाही, बाजरीच आणतो. सुमन ताजी दळून घेईल. आणि तुझा झाडू कुठे असतो ते तिला विचारून एकदा फलाट झाडून येईन. शब्द देतो.

मी त्या दिवशी पोहोचलो होतो रे. सुखरूप पोहोचलो होतो. माझ्या तोंडानं सांगायचं राहिलं, ते आज सांगतो.

तू पोहोचलास का? स्वप्नात ये, नाहीतर कसंही, पण लवकर कळव. घास उतरत नाही.

तुझा,
दादा