पाचवी ब आणि दोन पंचमांश

८ जाने. ७३, सोम.
आजपासून हात वर करणं बंद. सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं आणि एकदम पाटी दाखवायची. एरवी पुढच्या बाकावरची अलका बोलते नि बाकीच्या पोरी ऐकतात, तास संपतो. अर्धा अधिक एक तृतीयांश दिलं. निम्म्या पाट्यांवर दोन पंचमांश, वरचं वरच्यात नि खालचं खालच्यात मिळवून. म्हणजे इतके दिवस मी नुसत्या अलकाला शिकवत होते.
शेवटच्या बाकावरच्या शांताने पाटी थुंकी लावून पुसली. मी पोचायच्या आत.

१० जाने.
मोठ्या बाईंनी बोलावलं. इन्स्पेक्शन पुढच्या शुक्रवारी, ५ ब चं गणित बघणार. "हुशार मुलींना पुढे बसवा. तुमचं कायम होणं याच वर्षी आहे, विसरू नका."
विसरत नाहीच.

११ जाने.
शांता दोन दिवस गैरहजर. सुटल्यावर तिची आई फाटकापाशी उभी. "बाई, पोरगी शाळेत येतच नाही म्हनते. तुमी पाटी वर कराले सांगता, पोरी पाहून हासतात. घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरते, तेच बरं म्हनते."
"तिला पाठवा, पाटी दाखवायला नाही लावणार," म्हटलं.
"पाहतो," म्हणाली. जिच्यासाठी हे सगळं केलं तीच...

१५ जाने., सोम.
शांता आली. नवीन रीत: आधी शेजारणीला सांगायचं, मग शेजारणीचं म्हणणं वर्गाला सांगायचं. स्वतःचं नाही. तिच्या शेजारची पुष्पा उठली, "शांता म्हनते, दोन पंचमांश तं अर्ध्याहून कमी होते. अर्ध्यात मिळवलं, मंग कमी काहून झालं?"
शांता बाकाखाली बघत होती. मी म्हटलं, याचा विचार करा. घाई नाही केली. चुकलं का बरोबर, माहीत नाही.

१८ जाने.
मोठ्या बाईंनी वर्गात येऊन बाकं बदलली. अलकाशेजारी सगळ्या हुशार मुली, शांता खांबाआड. त्या गेल्यावर मी परत बदलली.

१९ जाने.
इन्स्पेक्शन. साहेबांनी नेमकं तेच, अर्धा अधिक एक तृतीयांश, फळ्यावर लिहिलं. अलकाचा हात वर. मोठ्या बाई माझ्याकडे बघून राहिल्या. मी म्हटलं, "शांता, तू सांग."
उभी राहिली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी थांबले. मग हळूच, पण स्वतःच, "उत्तर नाही येत. पण दोन पंचमांश नाही होत, सर. ते अर्ध्याहून कमी हाय."
साहेब काही विचारणार तोच घंटा. "उत्तर आलंच नाही," एवढं म्हणाले नि निघाले. हसले होते की नव्हते, आठवून आठवून डोकं दुखलं.
मोठ्या बाई: "सोमवारी भेटा."

२० जाने., शनि.
सकाळची शाळा. शांता नाही. पुष्पाला विचारलं, तिलाही माहीत नाही.
सुटताना अलका मागे राहिली. "बाई, पाच षष्ठांश मला येतं. पण खालचे दोन नि तीन मिळवले तर काहून चुकते, ते नाही समजत."
पहिल्यांदाच तिने मला असं विचारलं. सांगून टाकणार होते. मग म्हटलं, सोमवारी शांतासोबत बसून काढा.
"ती येईल का बाई?"
मी फळा पुसत राहिले.