लिंबूवालीचा हात

११ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण जन्मभर गिऱ्हाइकांची कुरकुर ऐकली, आता गुडघ्याची कोण ऐकतो! तुझी सूनबाई फोनवर म्हणाली, तुला मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलंय. करून घे, चालढकल नको. हे पत्र मात्र तिच्याकडून वाचून घेऊ नकोस. भिंग लावून तूच वाच.

गेल्या बुधवारी संग्रहालयात गेलो होतो. जुन्या बाजारातल्या विक्रेत्यांची चित्रं नि फोटो मांडलेत. फळवाल्या, कल्हईवाले, सुरीला धार लावणारे. व्यापारी संघाचा अध्यक्ष म्हणून फीत कापायला मी. ज्यांना जन्मभर रस्त्यावरून हुसकावलं, ते आता काचेमागे, वर ‘हात लावू नये’ अशी पाटी. हसूच आलं. तेवढ्यात शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, “अहो, बघा, तेव्हा लिंबं केवढाली असायची!” म्हणून तिकडे वळलो.

आई होती.

लिंबांचा ढीग, मागे उपडं खोकं, त्यावर आई. आडवा पंजा कपाळाशी. खाली लिहिलंय, ‘उन्हाची तिरीप चुकवणारी अज्ञात लिंबूवाली’. तिरीप कुठली? आपल्या ओळीवर पत्रे होते. त्या गलक्यात हाक पोचायची नाही, म्हणून सगळे हातानं बोलायचे. आडवा पंजा, अंगठा आत मुडपलेला. म्हणजे मला उठावं लागतंय, इकडे ये. तुला काय सांगायचं!

तिथली मुलगी म्हणाली, “काका, ओळखीच्या आहेत का? नाव कळलं तर पाटी बदलू आम्ही.”

“नाही,” म्हणालो. चहा घेतला. घरी येऊन जेवलो. झोपही लागली.

फोटोवर तारीख आहे, ताई. तोच दिवस.

तू पाणी भरायला गेलीस आणि परत आलीस, तेव्हा आई गोदामामागे पडलेली होती, जीव गेलेला. एक्केचाळीस वर्षं तू एकच म्हणतेस, “मी हलले नसते तर तिनं मला निदान हात तरी केला असता.” आणि मी दर वेळी म्हणतो, “तुझा काय दोष त्यात!”

तिनं हात केला होता. मला.

मी फोटोवाल्याच्या मागे, बारा पावलांवर उभा. शेठकडे दुकानात कामाला लागून आठवडा झाला होता, अंगात त्यांनी दिलेला कोट. शेठनी विचारलं, “ती बाई तुला बोलावतेय का रे?”

“छे. तिरीप येतेय तिच्या डोळ्यांवर.”

फोटोवाल्यानं ऐकलं असणार. पाटीवरचं वाक्य माझं आहे.

हे लिहिताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

आज सकाळी पुन्हा गेलो. मुलीनं फॉर्म पुढे केला. आईचं नाव लिहिलं. हाताचा अर्थ लिहिला. नातं: मुलगा. ‘ही माहिती कशावरून’ असा एक रकाना होता. तिथे लिहिलं, समोर उभा होतो.

पाटी सोमवारी बदलतील. डोळा बरा झाला की बघून ये. मी सोबत यायचं की नाही, ते कळव.

तू म्हणशील तर अजून तुझा,
धाकटा