वीणाच्या डब्यातली गोळी

प्रिय वीणा,

तू लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलीस आणि इथे माझ्या बीपीच्या गोळ्या संपल्या. बीपी दोघांनाही आहे, म्हणून मी चार दिवस तुझ्या डब्यात उरलेल्या गोळ्याच घेतल्या. काल राजा घाटाच्या पायऱ्यांवर चक्कर आली आणि मी मटकन खाली बसलो.

डॉक्टरीणबाई रागावल्या, "चाचाजी, बीमारी एक है, पर दवा सबकी अलग! घर में कोई देखनेवाला नहीं?"

मी ऐटीत म्हणालो, "हैं तो, पर अभी-अभी नानी बनी हैं।" त्याही हसल्या.

आता माझ्याच गोळ्या चालू आहेत, तब्येत ठणठणीत आहे. पण हे वाचून तू दहा दिवसांच्या नातीला सोडून धावत येशील, म्हणून पत्र पाठवत नाही. फोनवर विचारलंस तर मला खोटं बोलता येणार नाही. तेव्हा विचारू नकोस.

तुझाच,
वासुदेव