लितोवेलच्या बाई सहजी मांजर देत नाहीत

तेल्च, ३ मार्च २००४

चि. ओताकार यास ब्लाझेनाताईचे अ. उ. आ. वि. वि.

फोन का करत नाहीस म्हणून विचारतोस. मला ऐकू येत नाही हे वर्षातून एकदा तरी तू विसरतोसच. आणि पत्रात तू मधेच बोलत नाहीस, हा केवढा फायदा!

मौरेकसारखा बोका घरात होता तोवर मला कानांची उणीव भासली नाही. घंटा वाजली की तो खुर्चीवरून उडी टाकून दाराकडे जायचा आणि त्याच्यामागे मी. सोळा वर्षं हे काम त्यानं बिनपगारी केलं. तो गेल्यापासून टपालवाला चिठ्ठी टाकून परत जातो, आणि शेजारणीला वाटतं मी तिच्यावर रुसलेय. जानेवारीत बाजारातून आणलेलं पिल्लू एकवीस दिवस जगलं. आईपासून फार लवकर तोडलं होतं, लसही नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. सफरचंदाच्या झाडाखालची जमीन गोठलेली, खड्डा शेजाऱ्याकडून खणून घ्यावा लागला. आणखी एक पुरायची ताकद माझ्यात नाही, ओता.

तरी मांजर हवंच. जाहिरात आलीय: ब्रिटिश जातीची निळसर करडी पिल्लं, कागदांविना, लगेच मिळतील. बाई ब्रनोजवळ राहते आणि महामार्गावरच्या खानावळीपाशी पेटीत घालून आणून देते म्हणे. एकदा जाऊन ये. भिंतीपलीकडच्या यंत्राचा बिघाड ओळखणारे कान आहेत तुझे. दोघांच्या वाटणीचे देवानं तुलाच दिले.

लोभ असू दे. मांजर मिळेपर्यंत थोडा जास्तच असू दे.

तुझी
ताई

*

प्रोस्तेयोव्ह, ९ मार्च

ती. स्व. ब्लाझेनाताईस ओताकारचा सा. न. वि. वि.

जाऊन आलो. खानावळीपाशी नाही, थेट तिच्या घरी. धुलाईयंत्रं दुरुस्त करता करता मी पंपांचा कारखाना उभा केला तो एकाच नियमावर: माल नंतर बघायचा, आधी विकणाऱ्याचं घर.

बाई पिल्लू हातात घेऊन दारातच आडवी. पिल्लाची आई दाखवा म्हटलं, तर ती डॉक्टरकडे आहे म्हणाली. जरा वेळानं तीच आई बहिणीकडे राहायला गेली. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा अहो साहेब, तुम्हाला मांजर हवंय का सासू, असं मलाच म्हणाली. वंशावळीचे कागद मागितले, तर ते म्हणे प्रदर्शनात मिरवणाऱ्यांचे चोचले, मांजर काय कागद खातं? मी हसलो आणि कान लावून उभा राहिलो. आतल्या खोलीत जाळी खरवडल्याचा आवाज येत होता. बाईनं तिकडे एक पाऊल टाकलं आणि सगळं चिडीचूप झालं. ताई, जिथं माणसाची चाहूल लागताच पिल्लं गप्प होतात, तिथून काही आणू नये. टोपी डोक्यावर घातली आणि निघालो.

मग मांजरं जोपासणाऱ्यांच्या संघाकडे चौकशी केली. त्यांच्याकडे नोंद असलेल्या लितोवेलच्या कुबेशोव्हाबाईंचा पत्ता मिळाला. तिथं स्वयंपाकघरात नुसती ताटली वाजली आणि बटाट्यांचं पोतं फुटावं तशी पाच पिल्लं जिन्यावरून गडगडत आली. आई कुठाय हे विचारायची वेळच आली नाही. ती माझ्या टोपीत बसली होती. लसी, रक्ताच्या तपासण्या, पणजोबापर्यंतची वंशावळ, सगळं फायलीत लावलेलं.

पण बाई महाखट. मुलगी बघायला जावं आणि आपलीच पत्रिका तपासली जावी, तशी माझी गत झाली. घर कितव्या मजल्यावर? दिवसभर घरी कोण? आधीचं मांजर कशानं गेलं? खिडक्या कशा उघडतात? वरून तिरप्या, म्हटल्यावर त्यांनी पेनच खाली ठेवलं. त्या फटीत मांजर अडकून मरतं, आधी जाळ्या बसवा म्हणाल्या. आणि शेवटी नाहीच म्हणाल्या. त्यांचा नाद सोड, मी दुसरीकडे बघतो.

तू भाजून पाठवलेले खसखशीचे कोलाच पोचले. कारखान्यात कुणाला पत्ता लागू दिलेला नाही.

लोभ आहेच, त्यात वाढ झाली तर हरकत नाही.

तुझा
ओता

*

तेल्च, १६ मार्च

चि. ओताकार यास आशीर्वाद, पण आज अनेकही नाहीत आणि उत्तमही नाहीत.

तुझं पत्र वाचलं तेव्हाच काहीतरी खटकलं. इतके प्रश्न विचारणारी बाई कारण न सांगता नाही म्हणेल कशी? मी लितोवेलला परस्पर पत्र टाकलं. कालच उत्तर आलं. त्या लिहितात, मी तुम्हाला नकार दिलेलाच नाही. सहा आठवड्यांचं पिल्लू आजच पेटीत घालून द्या, बदल्यात तुमच्या विहिरीवर नवा पंप बसवतो, असं म्हणणाऱ्या गृहस्थांना दिला.

पंप, ओता! त्या दुसऱ्या बाईला नावं ठेवून तू टोपी घालून निघालास आणि लितोवेलला जाऊन स्वतः तेच करायला बसलास? लवकर तोडलेलं पिल्लू मी सफरचंदाखाली ठेवून आलेय, हे तुला लिहिलं होतं ना?

पुढे असंही लिहितात की जाता जाता फाटकातून, तुमच्या जुन्या पंपाचं बेअरिंग गेलंय, असं हे गृहस्थ ओरडून गेले, आणि ते खरं निघालं. त्या ओळीला मी हसले. राग मात्र तसाच आहे.

तेरा आठवडे पुरे झाल्याशिवाय त्या पिल्लू देत नाहीत. थांबेन मी. गुरुवारी सुतार जाळ्या बसवायला येतोय. मे महिन्यात मी स्वतः जाणार आहे. तू गाडी चालव आणि तोंड बंद ठेव.

लोभ सध्या स्थगित आहे.

ताई

*

प्रोस्तेयोव्ह, २० मार्च

ती. स्व. ताईस अपराध्याचा सा. न. वि. वि.

चूक कबूल. आयुष्यात थांबून मला काही मिळालं नाही. जे मिळालं ते पुढं होऊन उचललं म्हणून. ती सवय मांजराच्या दारातही सुटली नाही.

पण एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. फेब्रुवारीत तुझ्याकडे आलो, तेव्हा दार उघडंच होतं अशी थाप मारली मी. खरं म्हणजे वीस मिनिटं बाहेर घंटा वाजवत होतो. खिडकीतून तू विणताना दिसत होतीस, चार हातांवर. काचेवर टकटक केलं, तरी तुला कळलं नाही. शेवटी कोळशाच्या कोठीच्या दारानं आत शिरलो. तेव्हापासून मला घाई झालीय.

गाडी चालवीन. तोंडाचं वचन देत नाही.

स्थगिती उठवावी ही विनंती.

ओता

*

तेल्च, १४ मे

चि. ओताकार यास ताईचे अनेक, उत्तम, आणि मागचे राहिलेले धरून दुप्पट आशीर्वाद. वि. वि.

लितोवेलला मी तुला गाडीतच बसवून ठेवलं, त्यामुळे आत काय झालं ते तुला माहीत नाही. परतताना तू विचारत होतास खरा, पण रस्त्यावर डोळे ठेवणाऱ्याचे ओठ कसे वाचू?

मी ठरवून गेले होते तो शांत, निळसर करडा बोका. मांडीत आला, झोपला, माझा जीव जडला. कुबेशोव्हाबाई म्हणाल्या, हा तुमच्यासाठी नाही. मला इतका राग आला की पर्स उचलली मी. त्यांनी हात धरून बसवलं आणि नवऱ्याला बाहेर जाऊन घंटा वाजवायला सांगितलं. मला अर्थातच काही कळलं नाही. बोक्यानं डोळासुद्धा उघडला नाही. पण एक पट्ट्यापट्ट्यांची भोचक मुलगी खिडकीच्या कट्ट्यावरून उडी मारून दाराशी जाऊन बसली, शेपूट उभी करून, घंटा जणू तिच्यासाठीच वाजली होती. बाईंनी कागदावर लिहून दाखवलं: जन्मल्यापासून हिला घरात कोण येतं-जातं याची पंचाईत. तुमचं पत्र आलं त्या दिवशीच ही मी तुमच्यासाठी बाजूला ठेवली.

तिचं नाव पेपिना. काल ती माझ्या मांडीवरून उठून तरातरा दाराकडे गेली. मी उठून दार उघडलं, तर कुबेशोव्हाबाई उभ्या, जाळ्या तपासायला आलेल्या. आधी खिडक्या बघितल्या, मग मला नमस्कार केला. घंटा एकदाच वाजवली होती म्हणाल्या.

आता तुला आजवर न लिहिलेलं एक लिहिते. मी अडुसष्ट वर्षांची, मांजर सोळा वर्षं जगतं. हा हिशेब मी कुणाजवळ बोलले नव्हते. बाईंच्या करारात सातवं कलम आहे: मालकाला जमेनासं झालं, तर मांजर दुसऱ्या कुणालाही न देता त्यांच्याकडे परत जायचं, कितीही वर्षांनी. मी वाचत होते आणि त्या बघत होत्या. या कलमावर सही करताना लोक भांडतात, तुम्ही पहिल्याच हसताय, असं त्यांनी लिहिलं.

पुढच्या रविवारी ये. घंटा एकदाच वाजव.

लोभ असावा. तो कुठल्याच करारात लिहून घेतलेला नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

तुझी
ताई