निळ्या अंड्यांची गॅरंटी

३ मार्च
आज घरात क्रांती! बायकोच्या चार तपकिरी कोंबड्या पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याला देऊन टाकल्या, बदल्यात त्याचा मोठा पिंजरा घेतला. संध्याकाळी तीन अरौकाना तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आल्या. निळी अंडी देणारी जात! शेपूट नाही, कानांवर तुरे. कोंबडीवाला म्हणाला, वयात आल्यात, तीन आठवड्यांत अंडी, गॅरंटी.
बायको शाळेतून शिकवून आली. रिकामं खुराडं बघून मावशी कुठाय एवढंच विचारलं. (मावशी म्हणजे तिची सगळ्यात जाडी कोंबडी.) सांगितलं. काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

५ मार्च
अजून बोललेली नाही. सरप्राइज पचायला तिला वेळ लागतो. लग्न ठरलं तेव्हाही असंच झालं होतं.

९ मार्च, सकाळी ७
संकल्प : रोज लवकर उठून पिंजरा साफ करणे. उद्यापासून. आज कंबर धरलीय.
बायको हल्ली संध्याकाळी तास-दीड तास फिरायला जाते. तब्येतीकडे लक्ष देतेय. माझ्या उपक्रमाचा घरावर चांगला परिणाम होतोय.

१६ मार्च
पिंजरा बायकोनेच साफ केला. मी उद्या करणारच होतो. थँक्यू म्हटलं. उत्तर नाही, पण झाडू जरा जोरात आपटला. संवादाची सुरुवात.
ऑफिसात सगळ्यांना निळी अंडी कबूल केलीत. हेडक्लार्क म्हणाले, बाजारात तुरी! जळतात लोक.

२५ मार्च, सकाळी ५.१०
थोरल्या तलंगेने मान ताणून भलताच आवाज काढला. घसा बसला असावा. कोमट पाणी दिलं.

२६ मार्च
तिघींचाही घसा. साथ दिसते. वरच्या मजल्यावरचा कंपाउंडर येऊन म्हणाला, तुमचे कोंबडे आवरा. मी सांगितलं, या जातीत माद्यांचा आवाजच भारदस्त असतो. तो हसला. माणसाने कळत नाही त्यात बोलू नये.
कोंबडीवाल्याला फोन केला. त्याने विचारलं, मानेवरची पिसं कशी आहेत? लांब, टोकदार, चमकदार, म्हटलं. तो बराच वेळ खोकला आणि फोन कट. रेंजचा प्रॉब्लेम.

२ एप्रिल
टेम्पररी उपाय. दुकानातून पांढरं अंडं आणलं, नीळ फासली, वाळवून पिंजऱ्यात ठेवलं. ही फसवणूक नव्हे. खरं अंडं येईपर्यंत घराला धीर हवा. महिना झाला, या घरात मला कुणी अहो म्हटलेलं नाही. जेवताना फक्त चमच्यांचा आवाज. आता सहन होत नाही.

३ एप्रिल
बायकोने अंडं उकडून माझ्या ताटात ठेवलं. नीळ पाण्यात उतरली होती आणि दुकानाचा शिक्का वर आला होता, तारखेसकट. तिची बोटं निळी. वाटलं, आता ओरडणार. ओरडली असती तर बरं झालं असतं. मुकाट्याने हात धुवायला गेली.
शिक्का तेवढा बघायला हवा होता. बाकी योजना चोख होती.

६ एप्रिल
स्वतः कोंबडीवाल्याकडे गेलो. तिन्ही कोंबडे आहेत म्हणे. गॅरंटीचं काय, असं खडसावून विचारलं. तो म्हणाला, जातीची दिली होती, नर-मादीची कुठे दिली?
निर्णय : मन मोठं करायचं. उद्या शिंप्याकडून चारही कोंबड्या परत आणायच्या. बायको धावत येईल, आधी भांडेल, मग बोलायला लागेल. तिला मी चांगला ओळखतो.

७ एप्रिल, संध्याकाळी ६.३०
शिंप्याकडे गेलो. मागच्या अंगणात बायको स्टुलावर बसली होती. मांडीवर मावशी, बाकीच्या तिघी पायाशी. बायको बोलत होती. शाळेतल्या नव्या मोठ्या बाईंचा खडूसपणा, भाचीचं जमलेलं लग्न, गुडघ्याचं दुखणं. तिचा गुडघा दुखतो हे मला माहीतच नव्हतं. मग काहीतरी आठवून खळखळून हसली.
शिंपी हळूच म्हणाला, वहिनी रोज येतात. कोंबड्या घरी घेऊन जा म्हटलं तर नको म्हणतात, इथेच राहू द्यात, मला इथे यायला बरं वाटतं.
मी पुढे होऊन हाक मारली. तिने मान वर केली, मला बघितलं आणि गप्प झाली.