मंगळावरची लांब नळी

३ ऑगस्ट १९८१
आजपासून विज्ञानकथा. नक्की. दिवाळी अंकाच्या संपादकांना कळवूनही टाकलं. आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारा माझा मित्र कडूबा सांगत होता, गावाकडं त्याची माय अजून विहिरीला हात लावत नाही. घागर घेऊन बाजूला उभी राहते. कुणी वरून ओतलं तर पाणी. ऐकून सुन्न झालो. हेच मंगळावर न्यायचं. घुमटाबाहेर निळी माणसं. (रंग सहज सुचला.) आतले तांबडे त्यांना लांब नळीनं ऑक्सिजन सोडतात, तोही मर्जी असेल तेव्हा. शेवटी निळे नळी कापतात आणि टाकीचा ताबा घेतात. महाराष्ट्र हादरणार. कडूबा म्हणाला, छापून आली की मायला वाचून दाखवीन.

९ ऑगस्ट
कथा पूर्ण. घुमटाचा मुखिया फार जिवंत उतरलाय. मिशा, जाकीट, बोलण्याआधी खाकरणं.

१० ऑगस्ट, सकाळी
झोप नाही. मुखिया म्हणजे थेट आमचे काकासाहेब. सख्खे चुलते, पाचोडचे, कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष. मला कायम करण्याची ऑर्डर त्यांच्या सहीसाठी पडून आहे. पण लेखकानं भिऊ नये. मी भीत नाही. फक्त मिशा काढल्या.

१४ ऑगस्ट
चिकलठाण्याला विमानतळावर कुणा पुढाऱ्याला घ्यायला आलेले काकासाहेब घरी चहाला टेकले. सहज म्हणाले, "लिवतो म्हनं तू कायतरी?" माझ्या हातातला कप थरथरला. हवेत गारवा आहे हल्ली. ते गेल्यावर जाकीट काढलं, खाकरणंही.

२ सप्टेंबर
कलात्मक सुधारणा. निळ्यांना पोपटी केलं. रंगात काय असतं? आता ते नळी कापत नाहीत, नुसती ओढतात.

५ सप्टेंबर
ओढतही नाहीत. अर्ज देतात. बायको म्हणाली, मग कथेत उरलं काय? आशाला साहित्य कळत नाही. धाडस सूचक असावं.

११ सप्टेंबर
संस्थेच्या शिपायाकरवी निरोप: कथा कशावर आहे, असं साहेबांनी विचारलंय. मुखियाला दयाळू केलं. पोपटी लोक त्याचे आभार मानतात. हस्तलिखित पोस्टात टाकलं. बंड आहे, पण ओळींच्या मधे.

२० ऑक्टोबर
अंक आला. लगोलग काकासाहेबांचं बोलावणं. पाय लटपटत होते, चपला नव्या म्हणून. बघतो तर शाल, श्रीफळ! म्हणाले, "मुखिया लई आवडला. अन् ती लांब नळी झकास. देनं बी व्हतं, अंतर बी राहतं." लगेच ऑर्डरवर सही. मी कायम. विज्ञानकथेची ताकद लोकांना अजून कळलेली नाही.

१८ नोव्हेंबर
सुट्टी संपली. गावी नेलेला अंक कडूबानं स्टाफरूममध्ये परत दिला. मायला वाचून दाखवली म्हणे. ती विचारत होती, "इतक्या लांब गेले, तर तिथंबी वरूनच वतायचं का?"
मी म्हणालो, कथेत प्रतीकं असतात. तो खडू उचलून तासाला गेला.

२१ नोव्हेंबर
कडूबा अजून बोलत नाही. काकासाहेबांची भीती मला कधी वाटलीच नव्हती. कडूबाची चाहूल लागली की मात्र छातीत धडधडतं, आणि मी पुस्तकात डोकं घालतो.
बहुतेक ॲसिडिटी.