गोळ्यांची शपथ

गिंडी, चेन्नई
१२ जुलै २००४

ती. आईंस,
ऋजुताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहून कुरियरने पाठवतेय. यांचा ताप-खोकला थांबला, पण महिन्याभरात माणूस निम्मा झालाय. ताट समोर आलं की उमळून येतं. तळहात-तळपाय रक्त येईतो खाजवतात. लघवी चहासारखी होतेय, हे तर आठ दिवस माझ्यापासून लपवलं. काल शेजारच्या अन्नपूर्णाबाईंनी, त्या तंजावरच्या मराठी, यांना दारात उजेडात उभं केलं आणि डोळ्यांतला पिवळेपणा मला दाखवला.

रक्त तपासलं. लिव्हरचे आकडे दहापट वाढलेत. टीबीच्या गोळ्या सोसत नाहीत, आजच बंद करा, असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकत नाहीत. म्हणतात, बाबांनी याच गोळ्या अर्ध्यावर सोडल्या आणि ते गेले. एकही चुकवणार नाही अशी आईची शपथ घेतलीय, म्हणतात. मी पाकीट लपवलं तर दुसरं आणलं. आई, मी हात टेकले. तुमचं अक्षर तेवढं मानतील.

तुमची,
ऋजुता

चिपळूण
१५ जुलै

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

लहानपणी एरंडेल पाजायला तीन माणसं लागायची, आणि आता गोळ्यांसाठी हट्ट करतोस होय रे? तुझ्या बाबांना बरं वाटलं म्हणून त्यांनी मनानेच गोळ्या टाकल्या. मला दिसत होतं, मी गप्प राहिले. ती टोचणी मी तुझ्या गळ्यात बांधली. तुला तर डॉक्टरच थांब म्हणतायत. शपथ मी घातली, मीच सोडवली. पाप लागायचं ते मला लागू दे. ऋजुता देईल तेवढंच घे.

तुझी,
आई

चेन्नई
२४ जुलै

ती. आईंस शि. सा. न.

तुमचं पत्र सतराला आलं. आदल्या दिवशीच हे कारखान्यात उलट्या होऊन कोसळले होते. इस्पितळात गोळ्या बंद केल्या, तर ग्लानीतही गोळीची वेळ झाली का विचारायचे, नर्सचा हात ढकलायचे. मग दोन दिवस मलाही ओळखलं नाही. तुमचं पत्र मी यांच्या कानाशी वाचत राहिले. कळत होतं की नाही, देव जाणे.

परवा शुद्धीवर आले. आकडे उतरतायत. डोळे अजून हळदीसारखे आहेत, पण आज अर्धी इडली मागून खाल्ली. पुढे एकेक गोळी पुन्हा सुरू करायची, दर आठवड्याला रक्त तपासून.

आता तरी मोकळेपणी रड, असं अन्नपूर्णाबाई म्हणतात. मला रडूच येत नाही. तुम्ही या. तुम्ही आलात की येईल.

लोभ आहे तसाच राहू द्या.
ऋजुता